चार्जिंगच्या जागेत पेट्रोलची गाडी: बोलायचं कोणाशी, कसं आणि किती?

हिरवी_पाटी
मॉलचं तळघर. लिफ्टपासून वीस पावलांवर चार्जरच्या दोन जागा, दोन्हींत पेट्रोलच्या गाड्या. चार्जर मोकळा, गन (केबलच्या टोकाचा, गाडीत खुपसायचा प्लग) हुकाला लटकलेली, आणि केबल पोचेल अशी दुसरी जागा नाही. पुण्या-मुंबईत रविवारी संध्याकाळी हे दृश्य इतकं नेहमीचं झालंय की आता त्यावर नीट बोलायला हवं.

विचारायचं ते असं. अशा वेळी आधी कोणाला गाठायचं: सिक्युरिटी, मॉलचं ऑफिस, चार्जर कंपनीची हेल्पलाइन की पोलीस? कायद्याचा काही आधार आहे का? आणि आपल्या इलेक्ट्रिकवाल्यांनी काय पाळायला हवं? कारण दोष सगळा पेट्रोलवाल्यांचाच आहे असं मला वाटत नाही.

'गाडी विका आणि बसने जा' हे सल्ले आधीच मिळालेत, ते पुन्हा नकोत.

आगाऊ_आबा
पहिला! धागा शंभरी गाठणार. बसने जा.

वायरमन_वाकडचा
आधी अ‍ॅपबद्दल, कारण चिडचिड तिथूनच सुरू होते. अ‍ॅपमध्ये 'उपलब्ध' दिसतं म्हणून माणूस वाकडी वाट करून येतो. पण चार्जर सर्व्हरला कळवतो ती फक्त गनची अवस्था: मोकळी, जोडलेली, चार्जिंग चालू, चार्जिंग संपलं पण गन अजून गाडीतच, किंवा बिघाड. समोरच्या फरशीवर काय उभं आहे ते त्याला दिसत नाही. पेट्रोलची गाडी उभी असली की गन हुकावर, म्हणजे 'उपलब्ध'. आगाऊ बुकिंग केलंत तरी राखली जाते ती गन. जागा नाही.

चार्जिंग संपल्यावर मिनिटामागे जे थांबण्याचे पैसे काही ऑपरेटर लावतात, त्याचंही हेच. ते लागतात सेशन सुरू केलेल्याला. पेट्रोलवाल्याने सेशनच सुरू केलेलं नाही, त्याला कोण बिल लावणार?

म्हणून अ‍ॅपमधले इतरांचे शेरे वाचा आणि स्वतःही लिहा. 'जागा अडवली होती' एवढंच नको. वार, वेळ आणि दोनपैकी कुठली जागा ते लिहा. ठरावीक वेळेला ठरावीक जागा अडते असं दिसलं की ऑपरेटरला मॉलशी बोलायला काहीतरी हातात मिळतं.

पेट्रोलप्रेमी
दुसरी बाजू मांडतो, मारू नका. पार्किंगमध्ये तिसरी फेरी मारणाऱ्याला लिफ्टजवळच्या दोन जागा रिकाम्या दिसतात. बाजूला एक कपाटासारखी पेटी, तिच्यावर कंपनीचं नाव. फरशीवरचं हिरवं चित्र टायरच्या काळ्या डागांखाली गेलेलं. त्याला कळणार कसं की ही जागा कुणाची तरी गरज आहे? पेट्रोल पंप कोणी लिफ्टशेजारी बांधत नाही. तुमचाच चार्जर सगळ्यात मोक्याच्या जागी कशाला?

सायली_वि
@पेट्रोलप्रेमी, मुद्दा रास्त आहे. पण जागा लाड म्हणून दिलेली नसते. ६० किलोवॅटचा डीसी, म्हणजे जलद, चार्जर तिन्ही फेजवर सुमारे ९० अँपिअर ओढतो. त्याला लागणारी जाड आर्मर्ड केबल मीटरच्या हिशोबात महाग पडते, शिवाय ट्रे, अर्थिंग आणि भिंतीला पाडायची भोकं वेगळी. म्हणून चार्जर पॅनेल रूमच्या जितका जवळ तितका स्वस्त. आणि बहुतेक इमारतींत पॅनेल रूम, लिफ्ट आणि जिना एकाच गाभ्यात असतात.

नवीन बांधकाम असेल तर आर्किटेक्टने भांडून चार्जर कोपऱ्यात न्यावा. दूरच्या कोपऱ्यात फुकट पार्किंग शोधत कोणी येत नाही, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. फार अंधारातही नको, एकट्याने अर्धा-पाऊण तास थांबायचं असतं.

पाटीबद्दल: फरशीवरची खूण गाडी उभी राहिली की झाकली जाते, म्हणजे दुसऱ्याला चूक दिसत नाही आणि पहिल्याला बहाणा मिळतो. पाटी मागच्या भिंतीवर, डोळ्यांच्या वर, दीड ते दोन मीटर उंचीवर हवी. पूर्ण चौकोन रंगवलेला हवा, नुसतं प्लगचं चित्र नको. 'ईव्ही चार्जिंग' एवढंच लिहिलं की लोक ती 'इथे सोय आहे' अशी जाहिरात समजतात. 'फक्त चार्जिंग चालू असलेल्या गाड्यांसाठी' असं लिहा.

चकलीचा_सोऱ्या
पेठेतला मजकूर सुचवतो:
'येथे गाड्या चार्ज होतात. आपली होत नसल्यास डोके चालवा, अथवा गाडी चालवा.'

आगाऊ_आबा
@सोऱ्या, खाली 'दुपारी १ ते ४ चार्जर विश्रांती घेतो' राहिलं.

कलमकसाई
कायद्याचं विचारलंय म्हणून. मोटार वाहन कायद्यात 'चार्जिंगच्या जागेत दुसरी गाडी लावणे' असा वेगळा गुन्हा नाही. सार्वजनिक रस्त्यावर पार्किंगची जागा ठरवायची ती कलम ११७ खाली, वाहतुकीची चिन्हं लावायची ती ११६ खाली, आणि चिन्ह पाळायचं बंधन ११९ मध्ये. म्हणजे अधिकृत अधिसूचना आणि चिन्ह असेल तर उल्लंघनाला कलम १७७ चा दंड लागू शकतो: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपये, पुढच्या वेळी १५००. नगरसेवकाने उत्साहात हिरवा रंग मारून घेतला म्हणजे नियम झाला असं नाही.

मॉल, हॉटेल, सोसायटी ही खासगी आवारं. तिथे वाहतूक पोलीस सहसा येत नाहीत, चालतात ते आवाराच्या मालकाचे नियम. तेही चालवायचे तर आत शिरतानाच पाटी हवी, पार्किंगच्या पावतीवर अट छापलेली हवी आणि जास्तीचे पैसे घेणार असाल तर आकडा लिहिलेला हवा. आधी न सांगता जॅमर लावला की भांडण चार्जिंगचं राहत नाही, 'माझी गाडी अडवली' यावर येतं आणि मॉल माघार घेतो.

म्हणून @हिरवी_पाटी, पोलीस शेवटी. मॉलमध्ये तर नाहीच.

म्युनिककर
इकडचं सांगतो, तुलनेपुरतं. जर्मनीत इलेक्ट्रिक गाडीच्या नंबराच्या शेवटी E हे अक्षर येतं. ही सोय २०१५ च्या कायद्यानंतरची. चार्जिंगच्या जागेवर पार्किंगची निळी पाटी आणि तिच्याखाली जोडपाटी असते, खरी भानगड त्या जोडपाटीत. एकीवर नुसतं 'इलेक्ट्रिक वाहनं', दुसरीवर 'चार्जिंग चालू असतानाच'. बऱ्याच ठिकाणी दिवसा ठरावीक तासांचीच मुभा, आणि काचेमागे घड्याळाची निळी चकती लावायची. चुकीची गाडी उभी केली तर ५५ युरो दंड, वर टोइंग झालं तर त्याचे वेगळे.

तरी वाद आहेतच. प्लग-इन हायब्रिडवाल्यांनाही (इंजिनही आणि प्लग लावून भरायची बॅटरीही) E मिळतो. छोट्या बॅटरीची गाडी ३.७ किलोवॅटने चार तास लावून ठेवतात, नियमात बसून. पेट्रोलवाल्याला हुसकता येतं, याला नाही.

पेट्रोलप्रेमी
हायब्रिड निघालंच आहे तर विचारतो. शोरूमवाला म्हणतो 'सर, ही पण इलेक्ट्रिकच आहे'. मग त्यांनी लावली तर?

गॅरेजवाला_नाना
@पेट्रोलप्रेमी, आपल्याकडे खपणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस वगैरेंना चार्जिंगचं भोकच नाही. त्यांची बॅटरी इंजिनावर आणि ब्रेकवर भरते. पाटी पांढरीच. त्यामुळे 'ही पण इलेक्ट्रिकच' असं सिक्युरिटीला कोणी सांगितलं तर सिक्युरिटीने इतकंच म्हणावं, 'हो साहेब, गन लावा.'

तेवढ्यात प्रश्न मिटतो.

सिक्युरिटीला ओळखायला सोपी खूण म्हणजे नंबर प्लेट. २०१८ पासून बॅटरीच्या गाडीला हिरवी पाटी: खासगीला पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळी. पण हिरवी पाटी म्हणजे चार्ज करतोय असंही नाही. एमजी कॉमेटचं उदाहरण घ्या. तिला डीसी फास्ट चार्जिंगच नाही, फक्त एसी, म्हणजे सावकाश. ती सीसीएस चार्जरसमोर (गाड्यांच्या डीसी चार्जिंगची नेहमीची गन) उभी असेल तर तिथे ती आणि अल्टो सारखीच. स्कूटरचंही तेच: बहुतेक स्कूटरना सीसीएसची गन बसत नाही, पण चार्जर आणि गाडीच्या मधल्या फटीत स्कूटर बरोबर बसते. मग केबल तिच्यावरून ओढावी लागते.

उंबरठा
मला वाटतं आपण उगाच पेट्रोलवाल्यांवर घसरतोय. चार्जिंगची जागा जास्त वेळ कोण अडवतं? ज्याची गाडी १०० टक्के होऊन दीड तास झालाय आणि जो वर सिनेमा बघतोय तो. ८० टक्के झाले की काढा, हा साधा नियम का पाळत नाहीत?

वायरमन_वाकडचा
@उंबरठा, सहमत, पण ८० चा नियम सरसकट लावू नका. तो डीसीचा आहे.

डीसीवर बॅटरीचं व्होल्टेज वरच्या मर्यादेजवळ गेलं की बीएमएस (बॅटरी सांभाळणारी गाडीतली यंत्रणा) करंट उतरवत नेतो. ४५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीची नेक्सॉन ६० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के साधारण ४० मिनिटांत होते असं कंपनी सांगते. पुढच्या २० टक्क्यांना जवळपास तितकाच वेळ जाऊ शकतो. तुमच्यामागे रांग असेल तर तुम्ही थोड्याशा टक्क्यांसाठी दुसऱ्याचं पूर्ण चार्जिंग खाताय.

एसीवर, ७.२ किलोवॅटला, हा उतार जवळजवळ शेवटपर्यंत येत नाही, कारण तो वेग बॅटरीच्या मानाने मुळातच कमी. तीच नेक्सॉन शून्यापासून भरायला साडेसहा-सात तास. तिथे ८० ला काढा म्हणणं निरर्थक, तिथला नियम 'पूर्ण झाली की काढा' एवढाच.

आणखी एक. ६० किलोवॅटच्या दोन गनवाल्या बऱ्याच चार्जरमध्ये दोन गाड्या लागल्या की ३०-३० अशी वाटणी होते. मग १० ते ८० ला तासाच्या वर जातं. शेजारचा हळू चार्ज होतोय म्हणून त्याच्यावर चिडू नका, निम्मी वीज तुम्ही नेलीत.

चकलीचा_सोऱ्या
म्हणजे शेजारच्या जागेत पेट्रोलची गाडी असली तर मला पूर्ण ६०? पेट्रोलप्रेमी, रविवारी मोकळे आहात का?

पेट्रोलप्रेमी
@सोऱ्या, तासाला दोन कॉफ्या. वाट पाहण्याचे वेगळे.

सेक्रेटरी_काका
सोसायटीत हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये एक सामायिक चार्जर बसवतात. पाहुणे पेट्रोलचे, त्यांना ती जागा पाहुण्यांचीच वाटते. ठराव करून जागा राखीव केली तर 'दोन इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ऐंशी जणांची जागा का' हा सवाल सर्वसाधारण सभेत येणारच.

चालण्याजोगा ठराव असा: जागा राखीव नाही, वेळ राखीव. रात्री १० ते सकाळी ७ फक्त चार्जिंग, दिवसा कोणीही. रात्रीच्या दोन पाळ्या, कागदावर किंवा ग्रुपवर नावं. गाडीवाल्याचा फोन वॉचमनच्या वहीत. दंडाची रक्कम सभेच्या ठरावात लिहा, समितीने मनाने ठरवू नये.

२०१९ च्या आदर्श इमारत नियमावलीतल्या दुरुस्तीत पार्किंगच्या २० टक्के क्षमतेला चार्जिंगची तयारी ठेवायला सांगितलंय, पण ते नव्या इमारतींच्या नकाशासाठी. जुन्या सोसायटीने ते दाखवून सभेत भांडू नये, टिकत नाही.

वायरमन_वाकडचा
काका, सामायिक चार्जर हाच भांडणाचा उगम. शक्य असेल त्याने स्वतःच्या पार्किंगपर्यंत स्वतःच्या मीटरवरून, नाहीतर महावितरणचा वेगळा मीटर घेऊन वायर ओढावी. रोज ४०-५० किलोमीटर चालणाऱ्याला ७.२ किलोवॅटची गरजच नसते. १६ अँपिअरवर ताशी सुमारे ३ युनिट जातात, दहा तासांत ३०.

पण १६ अँपिअर म्हणजे गीझरचा साधा मॉड्युलर सॉकेट नव्हे. दहा तास सलग पूर्ण करंट गेला की त्याचे स्क्रू तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं आणि वितळतं. निळा औद्योगिक सॉकेट घ्या. ७.२ किलोवॅट बसवायचाच असेल तर ३२ अँपिअर सलग, ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट आला की तोडणारा स्विच), गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (टाइप ए, आणि चार्जरमध्ये डीसी गळती ओळखण्याची सोय असल्याची खात्री), तांब्याची ६ चौरस मिमी केबल. ३० मीटरला सुमारे ७ व्होल्ट पडतात, त्याहून लांब असेल तर १० चौरस मिमीची घ्या. अर्थिंग स्वतंत्र आणि मोजलेलं. न्यूट्रल-अर्थमध्ये जास्त व्होल्टेज आलं तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, आणि मग लोक चार्जरला शिव्या घालतात.

आगाऊ_आबा
मूळ प्रश्न पेट्रोलच्या गाडीचा होता. आपण अर्थिंगचा खड्डा खणतोय.

घाटमाथा
खड्डा महामार्गावर आधीच आहे, आबा.

गणपतीत मुंबई-गोवा रस्त्यावरचं सांगतो. महाड, चिपळूण, कणकवली पट्ट्यात चार्जर हॉटेलांच्या अंगणात असतात, गिऱ्हाईक यावं म्हणून दर्शनी भागात. त्याच अंगणात मिसळ खायला आलेली पेट्रोलची गाडी दाराजवळ लागते. हॉटेलवाला तिला हटवणार नाही, तेही गिऱ्हाईकच. इथे कायदा, पाटी काही चालत नाही, चालतात ते दोन प्लॅस्टिकचे शंकू आणि एक साखळी. चार्जरवर येणाऱ्याने स्वतः उतरून बाजूला करायचे, जाताना परत लावायचे. फोल्डिंगचे लोखंडी पार्किंग लॉक बसवतात, पण किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला. शिवाय अर्धवट पडलेली पट्टी बंपर फाडते.

रांगेचं: गाड्या ओळीत उभ्या राहायला जागा नसते, त्यामुळे कोण आधी आलं यावर तंटे. चार्जरला कागद चिकटवा, प्रत्येकाने गाडीचे शेवटचे चार आकडे आणि आल्याची वेळ लिहायची. गन लावलेल्याने डॅशबोर्डवर चिठ्ठी: फोन नंबर आणि किती वाजता काढणार ते. यादीत नाव असून बोलावल्यावर दहा मिनिटांत आला नाही तर पुढचा.

गॅरेजवाला_नाना
त्यात भर. गाडी लावण्याआधी आपलं भोक कुठे आहे ते बघा. पंच इव्ही, कोना, झेडएस यांचं नाकात, म्हणजे तोंड चार्जरकडे. नेक्सॉनचं मागे डावीकडे, तिला उलट लावा. आयॉनिक ५ चं मागे उजवीकडे, अ‍ॅटो ३ चं पुढे उजव्या मडगार्डवर. केबल बहुधा चार-पाच मीटरची. चुकीच्या तोंडाने लावली की लोक तिरपी घेतात, दोन जागा खातात, आणि मग पेट्रोलवाल्याला शिस्त शिकवतात.

केबल ताणून लावू नका. गनचं वजन भोकावर आलं की संपर्क तिरका बसतो आणि चार्जिंग मध्येच तुटतं. जाताना केबल हुकावर गुंडाळा. जमिनीवर सोडलेल्या केबलवरून पुढची गाडी जाते, आतलं इन्सुलेशन दबतं, आणि पुढच्या माणसाला 'आयसोलेशन फॉल्ट' दिसून चार्जर बंद.

दुसऱ्याची गन काढायचा प्रयत्न करू नका. चार्जिंग चालू असताना ती खिळीने आत अडकलेली असते, जोर लावला तर खिळी मोडते. आणि चार्जरवरचं लाल बटण हे दुसऱ्याचं चार्जिंग थांबवायचं बटण नाही! ते दाबलं की चालू लोडवर कॉन्टॅक्टर (आतले मोठे स्विच) उघडतात, चार्जर बिघाडात जातो आणि बऱ्याच वेळा ऑपरेटरने रिसेट केल्याशिवाय कोणालाच मिळत नाही. तुम्हालासुद्धा.

उंबरठा
नानांच्या लाल बटणाला +१००. ते धूर, ठिणगी, शॉक यांच्यासाठी.

हिरवी_पाटी
सर्वांचे आभार, बरंच हाती लागलं. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी असं जुळवलंय, चुकत असेल तर सांगा. आधी आजूबाजूला बघायचं, गाडीत चालक बसलेला असतो बऱ्याचदा. नसेल तर सिक्युरिटीला नंबर देऊन घोषणा करायला सांगायची. तोवर तिरप्या जागेतून केबल ताण न देता पोचते का ते बघायचं, पण जाण्यायेण्याची वाट अडवायची नाही. दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर फोटो काढायचा, ज्यात पाटी आणि गाडी दोन्ही दिसतील, आणि तो मॉलला आणि ऑपरेटरला पाठवायचा. मग जवळचा दुसरा चार्जर. बॅटरी १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत एकाच चार्जरच्या भरवशावर राहायचंच नाही.

आणि काचेवर चिठ्ठी. तिचा मजकूर सुचवा.

कलमकसाई
फोटो ऑपरेटरला द्या, नंबरासकट समाजमाध्यमांवर टाकू नका. चूक त्याची असली तरी गाडी कोणाच्या बायकोची, आईची असते आणि भांडण भलतीकडे जातं. आणि टायरची हवा सोडणं, आरसा दुमडणं, गाडी आडवी लावून कोंडणं, यातलं काहीही केलंत तर तक्रारदार तो होतो, तुम्ही नाही.

सायली_वि
चिठ्ठी: 'नमस्कार. ही जागा गाडी चार्ज करण्यासाठी आहे. इथे गाडी असेल तर चार्जर मोकळा असूनही वापरता येत नाही. पुढच्या वेळी दुसरी जागा बघावी ही विनंती.' वायपरखाली ठेवा, काचेला चिकटवू नका, डिंक निघत नाही.

चकलीचा_सोऱ्या
'नमस्कार' काढा. चिडलेल्या माणसाचा नमस्कार टोमणा वाटतो.

पेट्रोलप्रेमी
'चार्जर मोकळा असूनही वापरता येत नाही' हे वाक्य ठेवा. खरं सांगायचं तर ते मला या धाग्यावर येईपर्यंत लक्षात आलं नव्हतं. आम्हाला वाटतं जागा रिकामी तर चार्जरही रिकामा, कोणाला नकोच असेल.

आगाऊ_आबा
चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दुसऱ्या गाड्यांसाठीही छापून घ्या: 'आपली गाडी १०० टक्के होऊन बराच वेळ झाला.' एकच कागद, दोन्ही पक्ष.

हिरवी_पाटी
आबा, पहिल्यांदाच कामाचं बोललात. पन्नास प्रती काढतोय, दोन्ही बाजूंनी.